धान आणि सावा

चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे उच्चारली की शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे सागाचे अरण्य आणि ताडोब्याचा वाघ उभा राहतो. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. या अरण्याच्या कुशीत नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या बाजूंस भाताची शेती पसरलेली आहे. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. येथे पिकाला भात न म्हणता धान म्हणतात, आणि बांध घालून पाणी अडविलेल्या शेताच्या तुकड्याला बांधी. याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात इतरांहून निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या. त्यांचे बी वेगळे राखून त्यांनी जो वाण सिद्ध केला तो एचएमटी या नावाने आज घरोघरी शिजतो.

एका बांधीतील हजारो रोपांत वेगळे रोप ओळखणारी ही दृष्टी झाडीपट्टीत सर्वांनाच थोडीफार कमवावी लागते. कारण धानाचा मोठा शत्रू धानाच्याच वेषात वावरतो. सावा हे ते तण. कोवळेपणी त्याची व धानाची पात इतकी सारखी दिसते की नवखा मनुष्य हमखास फसतो. निंदणाऱ्या बाया मात्र पान आणि खोड जुळते ती जागा पाहतात. धानाला तेथे एक पातळ पांढरा पापुद्रा असतो; साव्याला तो नसतो. रोवणीनंतरचे पहिले महिना-दीड महिना साव्याला मोकळे रान मिळाले, तर खत, ऊन आणि जागा यांचा वाटा तो आधी उचलतो. पुढे कितीही निंदण केले तरी ती हानी भरून येत नाही.

श्रावणातील पावसात कमरेत वाकून दिवसभर निंदण करणे हे अत्यंत कष्टाचे काम आहे, आणि सर्वांच्या बांध्या एकाच वेळी निंदणीला येत असल्याने नेमक्या आठवड्यात मजूर मिळत नाही. यास्तव तणनाशक औषधांचा उपयोग वाढत गेला. परंतु औषधाला धान आणि सावा यांतील भेद कळावा कसा?

हा प्रश्न सर्वच पिकांत सारखा अवघड नसतो. १९४० नंतरच्या दशकात टू-फोर-डी हे औषध प्रचारात आले. ते रुंद पानांच्या तणांना मारते आणि गवताच्या जातीच्या पिकांना सोडते. इंग्लंडातील स्थिती नेमकी उलट आहे. तेथे रेप नावाचे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे पीक घेतात आणि त्यात ब्लॅकग्रास नावाचे गवत माजते. पीक रुंद पानांचे आणि तण तृणकुळातील असल्याने केवळ गवत मारणारे औषध योजणे तेथे शक्य होते. त्यांतील प्रोपिझामाइड हे औषध थंड व ओल्या मातीत अधिक टिकते, म्हणून तेथील शेतकरी जमीन गार होण्याची वाट पाहतो. झाडीपट्टीत मात्र पीक आणि तण दोन्ही तृणकुळातील. कुळाचा भेद येथे उपयोगी पडत नाही. भेद करावयाचा तो मुख्यतः वयावरून.

रोवणीची जुनी पद्धत हा भेद आपोआप निर्माण करते. चिखलणीत उगवलेले तण गाडले जाते. त्यानंतर बांधीत जे पऱ्हे रोवतात ते तीन आठवड्यांहून अधिक वयाचे असते, आणि सावा तेव्हा नुकता मोड काढीत असतो. प्रेटिलाक्लोरसारखे औषध नेमके या मोडावर काम करते. कोवळ्या अंकुराची वाढ ज्या मेदाम्लांवर अवलंबून असते, ती ते बनू देत नाही. धानाचे थोराड रोप त्यातून निभावते. यासाठी हे औषध रोवणीपासून तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत द्यावे, आणि त्या वेळी बांधीत पाण्याचा पातळ थर स्थिर असावा. पाणी आटून चिखल भेगाळला तर औषध सर्वत्र पसरत नाही. मुसळधार पावसाने बांध भरून वाहिला तर ते खालच्या बांधीत अथवा बोडीत जाते. आठवडा उलटून साव्याला दोन पाने फुटली की या औषधाचा फारसा उपयोग उरत नाही.

ही संधी हुकल्यास आणखी एक असते. बिस्पायरिबॅक सोडियम हे औषध उगवलेल्या साव्यावर फवारतात. वाढीस लागणारी काही अमिनो आम्ले ते बनू देत नाही. धान ते आपल्या अंगात लवकर मोडून टाकते, सावा तितक्या त्वरेने मोडू शकत नाही. येथेही वयाची अट सुटत नाही. सावा दोन ते चार पानांचा असताना, म्हणजे रोवणीनंतर साधारण पंधरा ते पंचवीस दिवसांत, बांधीतील पाणी काढून फवारणी करावी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी बांधावे. साव्याला फुटवे फुटल्यावर तो पिवळा पडतो, परंतु बहुधा पुन्हा उभा राहतो. औषधाचा पैसा मात्र गेलेला असतो.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू या नक्षत्रांवर पेरणी-रोवणीचा अंदाज बांधणाऱ्या शेतकऱ्याला येथे निराळा हिशेब शिकावा लागतो. पाऊस लांबला की रोवणी लांबते, आणि औषधाचा दिवस नक्षत्रावरून न मोजता रोवणीच्या दिवसापासून मोजावा लागतो. शेजाऱ्याने आज फवारले म्हणून आपणही फवारणे हा तोट्याचा मार्ग होय.

जेथे पाण्याअभावी किंवा मजुराअभावी धान थेट पेरतात, त्या आवत्या पद्धतीत अडचण दुप्पट होते. तेथे धान आणि सावा एकाच दिवशी अंकुरतात. मोड मारणारे औषध धानालाही बाधू शकते. म्हणून ओल्या पेरणीसाठी धानाचे रक्षण करणारे द्रव्य मिसळलेले प्रेटिलाक्लोर निघाले आहे. आणि करगा, म्हणजे रानटी धान, याच्यापुढे तर ही सर्व औषधे हतबल ठरतात, कारण तो धानाचाच सगा भाऊ. जुन्या मध्य प्रांतात रायपूरच्या भातसंशोधकांनी त्यावर सुंदर तोड काढली होती. जांभळ्या पानांचे धान पेरावे. मग जे हिरवे दिसेल ते करगा समजून उपटावे.

औषधावर सर्वस्वी विसंबण्यातही धोका आहे. पंजाब-हरियाणात गव्हातील गुल्लीदंडा या गवतावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध वापरले गेले, आणि १९९० नंतरच्या दशकात ते गवत त्याला जुमानीनासे झाले. साव्याच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून औषध आलटून पालटून वापरणे, आणि त्यातून वाचलेली झाडे बी धरण्यापूर्वी हाताने उपटणे अगत्याचे आहे.

त्या शेवटच्या कामाला बायांचीच नजर लागते. औषधाने निंदणाचे कष्ट हलके होतात ही गोष्ट इष्टच. परंतु ज्या घरांची श्रावणातील चूल निंदणाच्या मजुरीवर पेटते, त्यांची मजुरी त्याबरोबर कमी होते, हेही तितकेच खरे आहे. वेळेवर एक फवारणी आणि त्यामागून एक हलके निंदण, या मेळात पिकाचे रक्षण होते, औषधाचा धाक टिकतो, आणि धान व सावा यांतील तो पांढरा पापुद्रा ओळखणाऱ्या हातांना कामही उरते.