शिकाऊ वीजतंत्री कामगार नव्हे काय?

आय.टी.आय.मध्ये दोन वर्षे वीजतंत्रीचा अभ्यासक्रम आणि पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, हा श्रमिकांच्या मुलांचा रूढ मार्ग. १९६१ चा कायदा या उमेदवाराला प्रशिक्षणार्थी मानतो, कामगार नव्हे. म्हणून वेतनाऐवजी विद्यावेतन. २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची कैद रद्द झाली, उरला केवळ दंड. उमेदवारीनंतरची नोकरीही मालकाच्या धोरणावर सोपविली गेली. विजेचा धक्का मात्र शिकाऊ आणि कायम असा भेद जाणत नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली नियमित काम करवून घेणे ही श्रमाची लूटच होय. म्हणून आपली मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे : शिक्षण खरे हवे, कामाचे दाम पुरे हवे आणि रिकाम्या जागेवर पहिला हक्क शिकाऊ उमेदवाराचाच हवा.