‘सारखे’ या शब्दाचा हिशेब

दोन वस्तू एकाच तिसऱ्या वस्तूबरोबर असतील, तर त्या परस्परांबरोबरही असतात, हे युक्लिडचे पहिले सामान्य तत्त्व. ते इतके उघड आहे की, मुद्दाम सांगावे तरी कशाला, असे श्रोत्यांस वाटेल. परंतु फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांनी १९०२ साली फेखनरच्या प्रयोगांच्या आधारे एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. १० आणि ११ ग्रॅमची वजने हाताला सारखीच लागतात. ११ आणि १२ ग्रॅमचीही. १० आणि १२ मधील फरक मात्र हात ओळखतो.

वजनांच्या संचावरील ‘हाताला सारखे लागणे’ हा संबंध परावर्ती आहे, कारण प्रत्येक वजन स्वतःसारखे लागतेच. तो सममितही आहे. संक्रामक मात्र नाही. हे तिन्ही गुण एकत्र असले, तरच संचाचे एकमेकांत न मिसळणारे वर्ग पडतात. येथे ११ ग्रॅमचे वजन कोणत्या ढिगात ठेवावे?

परीक्षकाची अडचण हीच असते. (विद्यार्थी तिला निर्दयपणा म्हणतात.) साठ गुणांना पहिला वर्ग, मग एकोणसाठ काय वेगळे? पण अठ्ठावन्नही एकोणसाठांसारखेच. अशी एकेक पायरी उतरत गेल्यास पहिला वर्ग शून्यापर्यंत पोहोचतो. म्हणून कोठेतरी रेघ ओढावी लागते. आणि ती ओढताच एकोणसाठ गुणांचा विद्यार्थी आपल्या अगदी लगतच्या शेजाऱ्यापासून तुटतो.