रेषा बरोबर, बाजू चुकली: ‘लेडी बी गुड’ची गोष्ट

आजची गोष्ट एका विमानाची आणि त्यातल्या नऊ जणांची आहे. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नाही. का, ते शेवटी सांगतो.

तारीख ४ एप्रिल १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. लिबियातल्या सोलुक तळावरून अमेरिकेची बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमानं दुपारी इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्याला निघाली. त्यातलंच एक ‘लेडी बी गुड’. पायलट विल्यम हॅटन, को-पायलट रॉबर्ट टोनर आणि आणखी सात जण. या टीमची ही पहिलीच मोहीम. निघतानाच धुळीचं वादळ होतं, त्यामुळे बाकीच्यांपासून ताटातूट झाली. शेवटी हल्ला न करताच, बॉम्ब समुद्रात टाकून हे एकटेच परत फिरले.

मध्यरात्र झाली, खाली ढग, काही दिसेना. हॅटनने रेडिओवर बेनगाझीजवळच्या बेनिना केंद्राकडे दिशा विचारली. उत्तर आलं: ३३० अंश. म्हणजे वायव्य. समुद्राकडून तळाकडे येणारं विमान तिथेच असायला हवं. सगळं जुळलं!

आता इथे नीट ऐका. त्या काळच्या साध्या लूप अँटेनाला रेषा कळायची, पण बाजू कळायची नाही. समजा तुम्ही रात्रीच्या एसटीत झोपलात. जाग आल्यावर कंडक्टरला विचारलं, “काका, हाच ना आमच्या गावचा रोड?” ते म्हणाले, “हो, हाच.” उत्तर शंभर टक्के बरोबर. पण गाव पुढे आहे की मागे गेलं, हे तुम्ही विचारलंच नाही!

या अपघाताचा सगळ्यात जास्त मानला जाणारा खुलासा हाच आहे. मागून जोराचा वारा होता, त्यामुळे विमान अंदाजापेक्षा लवकर पोचलं आणि तळ ओलांडून वाळवंटात शिरलं. तळावरून त्यांच्यासाठी आकाशात फ्लेअर्सही सोडले होते, पण ते दिसले नाहीत. अंधारात वाळवंट काय आणि समुद्र काय, सारखंच. दोन तास ते सहाराच्या आत आत जात राहिले. इंधन संपत आलं तेव्हा रात्री दोनच्या सुमारास सगळ्यांनी उड्या मारल्या.

आठ जण वाळूवर सुखरूप उतरले आणि एकत्र जमले. नववा, जॉन वोराव्हका, त्यांना सापडलाच नाही. त्याचं पॅराशूट नीट उघडलं नव्हतं.

त्यांना वाटलं किनारा जवळच असेल. प्रत्यक्षात तो सहाशे किलोमीटरहून जास्त लांब होता. आठ जणांत पाण्याची अर्धी बाटली. माणशी दिवसाला एक झाकणभर पाणी! तेवढ्यावर ते वायव्येकडे चालू लागले. मागून कोणी शोधत आलं तर कळावं म्हणून बूट आणि पॅराशूटच्या पट्ट्यांचे बाण करून ठेवले.

आणि त्यांचं विमान? ते एकटंच सुमारे २६ किलोमीटर पुढे जाऊन पोटावर उतरलं. आत पाणी होतं, खाणं होतं, चालू स्थितीतला रेडिओ होता. पण ते दक्षिणेला आणि हे निघाले उलट्या बाजूला.

टोनर रोज डायरीत दोन-तीन ओळी लिहायचा. वाळू, डोळ्यांची आग, प्रार्थना, थंडी. कोणाला दोष दिल्याची एक ओळसुद्धा नाही. पाच जण सुमारे १३० किलोमीटर चालून थांबले. तिघे मदत आणायला पुढे गेले. शेवटची नोंद १२ एप्रिलची. इतक्या पाण्यावर आठ दिवस.

हवाई दलाने त्यांना शोधलं, पण समुद्रात. कारण सगळ्यांचं गृहीतक एकच!

१९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना वरून विमान दिसलं. १९५९ मध्ये माणसं तिथे पोचली, तेव्हा मशीनगनसुद्धा चालत होत्या. १९६० मध्ये आठ मृतदेह सापडले. व्हर्नन मूरचा अधिकृतरीत्या आजही पत्ता नाही.

आता माझी झोप का उडाली ते. मी दिवसभर कोड आणि डॅशबोर्ड बघतो. एकदा रात्री सिस्टीम बंद पडली आणि आम्ही तीन तास चुकीच्या वेळेचे लॉग तपासत बसलो. लॉगमधली वेळ यूटीसीत होती, आम्ही ती भारतीय वेळ समजलो. साडेपाच तासांचा फरक! आकडे बरोबर होते, आमची समजूत चुकली होती. आमचं फक्त थोडं नुकसान झालं. त्या नऊ जणांची आणि आमची तुलना होऊच शकत नाही. पण सवय तीच: उत्तर मनासारखं आलं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही.

ते मूर्ख नव्हते हो. दमलेली, पहिल्यांदाच निघालेली तरुण पोरं होती. बरेचसे आपल्याच वयाचे.

म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. सगळं अगदी जुळतंय असं वाटलं की एकदा विचारायचं: आपण पुढे तर निघून आलो नाही ना?

आज एवढंच. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!