पाहिलेले आणि ताडलेले



डायनोसॉर हा शब्द उच्चारताच मुलांच्या डोळ्यांपुढे एखादे अजस्र धूड उभे राहते. परंतु या कुळातील आरंभीचे मांसाहारी प्राणी बेताच्याच अंगाचे होते. सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी आजच्या अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या भूमीवर वावरणारा सीलोफायसिस हा त्यांपैकीच एक होय. शेपटीसह त्याची लांबी ३ मीटरच्या आसपास. पण त्यातील बराच भाग मान आणि शेपूट यांनीच व्यापलेला. मागील दोन पायांवर तो चपळपणे धावे. दात चपटे, मागे वळलेले व करवतीसारख्या धारेचे. हाडे आतून पोकळ. म्हणूनच १८८९ साली एडवर्ड कोप यांनी त्यास 'पोकळ घडणीचा' या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले.

कोप यांच्यापुढे थोडीशी तुटकी हाडेच होती. पुढे १९४७ साली एडविन कोलबर्ट यांच्या तुकडीतील जॉर्ज व्हिटेकर यांना त्याच राज्यातील घोस्ट रँच येथे टेकडीच्या उतारावर काही हाडे दिसली. तेथे खोदकाम करता शेकडो सांगाडे एकमेकांत गुंतून पडलेले आढळले. त्यांत लहान होते, तसे मोठेही होते.

त्यांपैकी दोन प्रौढ सांगाड्यांच्या पोटाच्या जागी बारीक हाडे होती. ती पिलांची असावीत, अर्थात हा प्राणी स्वजातीची पिले खात असावा, असे अनुमान कोलबर्ट यांनी काढले. पाहता पाहता पुस्तकांतून 'असावा' जाऊन 'होता' आले आणि सीलोफायसिसच्या माथी पिले खाण्याचा कलंक कायमचा बसला.

२००६ साली स्टर्लिंग नेस्बिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच दोन सांगाडे पुन्हा तपासले. एकाच्या पोटातील हाडांची ठेवण, तसेच सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी त्यांची आतील रचना पाहता, ती मगरीच्या कुळातील एका लहान प्राण्याची ठरली. दुसऱ्यातील हाडे तर पोटाच्या आत नव्हतीच. ज्या दोन साक्षींवर आरोप उभा होता, त्या दोन्ही अशा रीतीने कोसळल्या. हा प्राणी स्वजातीस कधीच खात नसेल, असे यावरून सिद्ध होत नाही. या सांगाड्यांवरून तो आरोप करता येत नाही, एवढेच सिद्ध होते.

यात कोलबर्ट यांना कमीपणा नाही. त्यांनी सांगाडे जपून ठेवले, म्हणूनच पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. शास्त्राचे सामर्थ्य चूक न होण्यात नसून, ती शोधण्याची वाट मोकळी ठेवण्यात आहे.

वर्गात हा पाठ विनाखर्च घेता येईल. ओल्या चिखलाच्या थापीवर पक्ष्याच्या पायाचा, पानाचा, दोरीचा ठसा आधीच उमटवून ती वाळवावी. मुलांनी पाटीवर दोन रकाने आखावेत : 'पाहिले' आणि 'ताडले'. 'तीन बोटे आहेत' हे पहिल्यात; 'कोंबडी गेली असावी' हे दुसऱ्यात. एखादे अनुमान चुकले, तर ते पुसू नये. त्याच्या शेजारी नवे लिहावे.

आणि फळ्यावर स्वतः गुरुजींचे अनुमान चुकले, तर तेही मुलांदेखत तसेच दुरुस्त करावे. ज्या वर्गात गुरुजी 'हे माझे चुकले' असे म्हणू शकतात, त्या वर्गातील मूल विचारण्यास भीत नाही.