रिपोर्टमधलं शून्य



भंडारा, तुमसर, साकोली, पवनीकडच्या लोकांना सिकलसेल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रक्ताच्या या आनुवंशिक आजाराच्या जनुकाचा वाहक असलेल्याला हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून हिवतापाच्या मुलखात ते जनुक टिकलं. रोटीबेटी व्यवहार आपापल्या समाजातच होत राहिल्यामुळे ते काही समाजांत जास्त आढळतो, काहींत कमी. असा फरक रक्तापुरताच नसतो. मूल होण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकांतही, म्हणजे हार्मोन्समध्येही तो असतो.

यातलं एक संप्रेरक एलएच. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी ते रक्तात सोडते. बाईच्या अंडाशयातून बीज बाहेर पडतं ते त्याच्या इशाऱ्यावर आणि पुरुषाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं तेही त्याच्याच.

१९९२ साली फिनलंडच्या संशोधकांनी एका बाईविषयी लिहिलं. तब्येतीनं ती ठणठणीत, पण एका पद्धतीच्या तपासणीत तिच्या रक्तात एलएच जवळजवळ दिसतच नव्हतं. पद्धत बदलली तेव्हा ते सापडलं. झालं होतं असं की तिच्या एलएचच्या रेणूत दोन अमिनो आम्लं वेगळी होती आणि तपासणीत एलएच हेरणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तो रेणू ओळखतच नव्हतं. प्रयोगशाळेत हे वेगळं एलएच नेहमीच्यापेक्षा जोरकस ठरतं, मात्र रक्तातून लवकर नाहीसं होतं.

मग देशोदेशीच्या लोकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत निम्म्याहून जास्त माणसं या बदलाची वाहक निघाली. आपल्या नीलगिरीतल्या कोटा समाजातल्या ज्यांना तपासलं, त्यांच्यात मात्र एकही नव्हता.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही याच वाटेवरचं काम झालं आहे. एफएसएच नावाचं संप्रेरक पेशीवरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तिच्या जनुकात बाईगणिक थोडा फरक असतो. टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात औषधाला अंडाशय किती साथ देतं, याच्याशी तो फरक कसा जोडलेला आहे, हे तिथं अभ्यासलं गेलं.

यावरून एखाद्या समाजावर शिक्का मारायला कुणी निघेल, तर ते चूक आहे. गोंड असोत, हलबा असोत, पोवार, कोहळी की ढिवर, माणसामाणसांतला बहुतेक जनुकीय फरक प्रत्येक समाजाच्या आतच असतो. जात विचारून कुणाचं एलएच कळत नाही.

पण घरात पाळणा हलत नाही म्हणून जे जोडपं नागपूरच्या वाऱ्या करतं, त्याला यातून काही घेण्यासारखं आहे. रिपोर्टमधला आकडा हा यंत्राचा आणि पद्धतीचाही असतो. तो प्रकृतीशी जुळत नसेल, तर दुसऱ्या पद्धतीनं तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं ते सांगा, कारण एलएच आणि एफएसएच रोज सारखं नसतं. जुने रिपोर्ट फेकू नका. आणि तपासणी नवऱ्याचीही होऊ द्या. एका कागदावरून सुनेला वांझ ठरवण्याचा अधिकार सासूला नाही, शेजाऱ्यांना नाही आणि विज्ञानानंही तो कुणाला दिलेला नाही.