गाठीचा निरोप



कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसली, की ‘चरबीची असेल’ म्हणून आपण ती सोडून देतो. पण गाठ वाढते कशावर? नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय अर्बुद काही मिलिमीटरांपलीकडे वाढत नाही, असे जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. त्यासाठी गाठच व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाकरवी निरोप धाडते. गाठीचा पातळ काप रंगवून, सीडी-३१ या खुणेवरून, त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. हा निरोप पोहोचू न देणारे टोसेरानिब हे औषध कुत्र्यांच्या मास्ट पेशींच्या अर्बुदावर अमेरिकेत २००९ साली मान्य झाले.

अंबरनाथ-बदलापूरकरांना परळचे १८८६ सालचे पशुवैद्यक महाविद्यालय लोकलच्या वाटेवरच आहे. मुके जनावर बोलत नाही; हाताला लागलेली गाठ हीच त्याची तक्रार. ती वेळीच ऐकावी.