सूत, कापड आणि कराचा तंटा



जळगावहून निघणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत सुरतेजवळ उधना येथे मुख्य मार्गास मिळतो. याच मार्गाने खानदेशातील अनेक कुटुंबे उधन्याच्या यंत्रमागांवर कामास आली. त्यामुळे तेथील कराचा तंटा आपल्याकडील घरांनाही परका नाही.

कंपन्यांच्या उत्पन्नावर आपल्या देशात राज्ये कर बसवीत नाहीत. राज्यघटनेने तो अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. राज्यांकडे शेतीच्या उत्पन्नावरील कर व विक्रीकर होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर केंद्र आणि राज्ये मिळून आकारतात.

कर वाचविण्याची खटपट मात्र जुनीच. १९५० नंतरच्या दशकात लहान यंत्रमागधारकांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, तेव्हा एकाच छपराखालील माग पत्नी, भाऊ, मेहुणा यांच्या नावे वाटले गेले. कागदावर मालक अनेक, गल्ला एकच! १९८५ साली मॅकडॉवेल कंपनीच्या आंध्र प्रदेशातील विक्रीकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीमारेषा आखली. कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध. कर चुकविण्यासाठी रचलेला देखावा मात्र त्यात बसत नाही.

उधन्यातील तंटा याच्या उलट जातीचा होता. येथे विणकराने कर भरलेला होता. कृत्रिम सुतावर प्रथम १८ टक्के व ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर, तर कापडावर ५ टक्के. समजा, १०० रुपयांच्या सुतावर १२ रुपये कर दिला आणि त्याचे कापड १५० रुपयांस विकले, तर कापडावर कर साडेसात रुपये. उरलेले साडेचार रुपये खात्यात जमा दिसत. पण कापडाच्या बाबतीत परतावा नाकारलेला होता. लहान कारखानदाराचे खेळते भांडवल असे अडकून पडले.

जुलै २०१८ च्या अधिसूचनेने १ ऑगस्टपासून परतावा मान्य केला. मात्र ३१ जुलैपर्यंत साचलेली न वापरलेली जमा रद्द ठरविली. कापड उत्पादक गुजरात उच्च न्यायालयात गेले. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्याने शासनास परतावा नाकारण्याचा अधिकार दिला आहे, जमा बुडविण्याचा नाही. हा भेद बारीक असला तरी विणकराच्या दृष्टीने मोलाचा होता, कारण रोख हाती आली नाही तरी ती जमा पुढील करात वळती करता येत होती.

सेवांवरील कराच्या परताव्याचा दावा मात्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अमान्य केला. त्यामुळे असा परतावा मागताना कच्च्या मालावरील कर तेवढाच हिशेबात धरला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सुतावरील दरही ५ टक्क्यांवर आला आहे. परंतु जुन्या काळातील नोंदी, बिले व विवरणपत्रे ज्यांची प्रकरणे अद्याप निकाली निघालेली नाहीत, त्यांनी ती जपून ठेवणे आवश्यक आहे.